आवाज ठेवायची जागा

अय्याज आमच्या कॉलेजात लागला त्या आठवड्यातच मी मनाशी म्हटलं, हा माणूस काळजीनं मरणार. अजून मेलेला नाही, पण त्यात त्याचं श्रेय काही नाही. तो कॉम्प्युटर लॅबचा सहायक आणि मी ग्रंथपाल. वसमतच्या त्या कॉलेजात लॅब आणि ग्रंथालय यांच्यामध्ये नुसतं प्लायवुडचं पार्टिशन होतं, त्यामुळं त्याच्या सगळ्या चिंता मला बसल्या जागी ऐकू यायच्या. संध्याकाळी कुलूप लावून तो जिन्यापर्यंत जायचा आणि परत येऊन कुलूप ओढून बघायचा. गाडीवर नांदेडची पाटी असली तरी कंडक्टरला विचारल्याशिवाय चढायचा नाही, आणि चढल्यावर शेजारच्या प्रवाशालाही विचारून घ्यायचा. मला अशा माणसांचा राग येतो. पण याच्यावरचा राग टिकायचा नाही, कारण तो स्वतःपेक्षा दुसऱ्यांचीच काळजी जास्त करायचा.

त्याचे वडील चाँद पाशा यांचं बिछायत केंद्र होतं. मंडप, सतरंज्या, पातेली, पराती, ताटं. वसमत आणि आसपासच्या खेड्यांत कुणाचंही लग्न असो, पंगत उठायची ती चाँद पाशांच्या ताटांवरून. त्यांच्या धंद्यातली एक रीत अय्याजनं मला सांगितली होती. गरिबाघरी सामान गेलं की भाड्याची भांडी अंगणात वेगळी रचायची नाहीत. घरच्या मांडणीवर घरच्याच भांड्यांत मिसळून लावायची, कोरलेलं नाव भिंतीकडं करून. पाहुण्यांना वाटलं पाहिजे, सगळं घरचंच आहे. अय्याज लहानपणापासून हे करत आला होता आणि ते त्याच्या हाडीमासी खिळलं होतं. पुढचा सगळा घोळ झाला तो या चांगल्या सवयीपायीच.

ही गोष्ट दोन हजार सात-आठची. कॉलेजातल्या जुन्या कॉम्प्युटरांवर विकतची सिस्टिम टाकायला कॉलेजला परवडत नव्हतं आणि चोरून टाकली तर अय्याजला झोप लागली नसती. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यानं सगळीकडं लिनक्स नावाची सिस्टिम टाकली. फुकट आणि राजरोस. प्राचार्य अमृतराव सरांना त्यातला ‘फुकट’ हा शब्द पुरला, अय्याजला ‘राजरोस’.

त्याच सुमारास साक्षी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आली. ती कुरुंद्याची. लहानपणी तापात डोळे गेले ते गेलेच. आई नीलाबाई हळदीच्या शेतात कामाला जायची, पण लेकीला सकाळच्या एस.टी.त बसवून दिल्याशिवाय शेताकडं वळायची नाही. पोरगी हुशार, आणि हुशार असल्याचं लपवून न ठेवणारी. ग्रंथालयात येऊन मला पुस्तकं वाचून दाखवायला लावायची आणि मी मधली पानं गाळली तर पकडायची.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेला तिला लेखनिक मिळाला होता. ही बोलणार, तो लिहिणार. राज्यशास्त्राच्या पेपरात ती भरभर सांगत होती आणि त्याचं पेन मध्येच बराच वेळ थांबत होतं, हे तिनं कानानं ओळखलं. काय लिहिलं ते वाचून दाखव म्हणाली तर तो म्हणाला, वेळ नाही. निकाल लागला, जेमतेम पास. मी तिची समजूत काढायला गेले, असू दे, पास तर झालीस वगैरे. ती म्हणाली, “मी काय बोलले ते मला माहीत हाय, मॅडम. कागदावर काय गेलं ते माहीत न्हाई. मग त्यो पेपर माझा कसा?”

पार्टिशनपलीकडं अय्याजनं ते ऐकलं आणि त्याला नवी काळजी मिळाली.

लिनक्सवर आंधळ्यांसाठी पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकट मिळत होता. मराठी बोलणाराही एक होता. पण या दोघांची गाठ घालून द्यायला मध्ये एक लायब्ररी लागत होती. त्यांच्यातही लायब्ररी असते म्हटल्यावर माझे कान टवकारले. अय्याजनं समजावलं, लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी तरी लिहून ठेवलेलं तयार काम, आपल्या प्रोग्रामनं उचलून वापरायचं. लिनक्सबरोबर अशा पुष्कळ लायब्रऱ्या येतात आणि त्यांची ठरलेली एक जागा असते. ही गाठ घालणारीही तिथं होती, पण जुनी, मराठी न समजणारी. नवी, मराठी समजणारी, परदेशातल्या एका पोरानं लिहिली होती. ती अय्याजनं नांदेडच्या कॅफेतून सीडीवर उतरवून आणली. आता प्रश्न एवढाच, की ही बाहेरून आणलेली ठेवायची कुठं?

माझ्या दृष्टीनं हा प्रश्नच नव्हता. देणगीत आलेली पुस्तकं आम्ही वेगळ्या कपाटात ठेवतो. पण अय्याजनं इंटरनेटवर जाणकारांना विचारलं आणि त्यांच्यात भांडण लागलं. ती पत्रं छापून तो माझ्याकडं इंग्रजी समजून घ्यायला आला. एकाचं म्हणणं, लिनक्सच्या जागेत फक्त लिनक्सचं, मालकानं बाहेरून आणलेलं सगळं शेजारच्या वेगळ्या जागेत. दुसरा म्हणत होता, शेजारी ठेवलं तरी सिस्टिमची स्वतःची कामं तिथं डोकावतात आणि चुकून नको ते उचलतात, म्हणून ज्याला हवं त्यानं स्वतःच्या नावाच्या कप्प्यात ठेवावं, घरातल्या ट्रंकेसारखं. मग दोघं एकमेकांना अडाणी म्हणू लागले. अय्याज ते वाचून आणखीनच घाबरला.

शेवटी त्यानं तिसरंच केलं. नवी लायब्ररी लिनक्सच्या स्वतःच्या जागेत, जुनीच्या जागी बसवून टाकली. असं कर असं कुणीही सांगितलं नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाला, युनिव्हर्सिटीचं कुणी बघायला आलं तर त्यांना हे बाहेरून चिकटवलेलं वाटू नये, मशीनचा मूळचाच आवाज वाटावा. मी चष्मा पुसला आणि पुन्हा माझ्या कामाला लागले. मला तरी त्यातलं काय कळत होतं?

मशीन बोलू लागलं. आवाज स्टँडवरच्या घोषणेसारखा घोगरा, पण शब्द मराठी. अय्याज साक्षीला कीबोर्ड शिकवू लागला. अक्षर दाबलं की आवाज ते सांगायचा, ओळ संपली की ओळ वाचायचा. दिवाळीनंतर एक दिवस तिनं एक वाक्य लिहिलं, ऐकलं, चुकलं होतं म्हणून खोडलं आणि पुन्हा लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःची चूक स्वतः खोडली होती. ती कितीतरी वेळ हसत बसली, आणि पलीकडं माझ्या हातातलं काम थांबलं.

मग अमृतराव सरांकडं जाणं आलं. सर वाईट नव्हते, पण सावध होते. आंधळी मुलगी परीक्षेत मशीनवर स्वतः लिहिणार, हे युनिव्हर्सिटीला कळवायचं तर सही त्यांची. त्यांनी अट घातली, फेब्रुवारीत माझ्यासमोर राज्यशास्त्राचा एक पूर्ण पेपर तिनं सोडवून दाखवावा, मगच मी शिफारस पाठवीन. लेखनिकांची नावं कळवायची शेवटची मुदत त्याच दिवशी संपत होती. म्हणजे त्या दिवशी आवाज नीट चालला तर साक्षी स्वतः लिहिणार, नाही तर पुन्हा तिच्याशेजारी कुणी तरी पेन घेऊन बसणार. दुसरी संधी नव्हती.

आदल्या दिवशी दुपारी मी पुस्तकांवर शिक्के मारत होते. पलीकडं अय्याज त्या मशीनवर शेवटची नजर फिरवत होता. कॉलेजला नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं, आणि त्यामुळं पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल बाण उगवला होता. सिस्टिमच्या सुधारणा आल्यात, घेऊन टाका, असं तो बाण सांगतो. दुसऱ्या कुणी त्याच्याकडं बघितलंही नसतं. पण अय्याजच्या जिवाला तो लाल रंग लागून राहिला. उद्या सर येणार आणि पडद्यावर लाल खूण असणार, सर विचारणार, हे काय बिघडलंय? त्यानं बाण दाबला.

सुधारणा झाल्या, बाण गेला, आणि आवाजही गेला.

तो माझ्या टेबलापाशी आला तेव्हा त्याच्या ओठांचा रंग उडाला होता. काय झालं ते त्यानं सांगितलं तसं सांगते. सिस्टिमनं आपली मांडणी आवरायला घेतली, तिथं आपलं नसलेलं भांडं दिसलं, ते काढून आपलं ठेवून दिलं. यानं घाईघाईनं आपली लायब्ररी परत तिथंच बसवली. तर आता सिस्टिमचीच कामं अडली, कारण त्यांना त्यांचं स्वतःचं भांडं हवं होतं. मशीन सुरू होईना. नाव विचारणारा पडदाही येईना. ध्वनीची सोय असलेलं आणि एवढा प्रोग्राम पेलणारं मशीन लॅबमध्ये ते एकच. तो पुढं काही करणार तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली आणि वीज गेली. ती कॉलेज बंद झाल्यावरच येणार होती.

मी म्हटलं, आत्ताच सरांना सांग. तो म्हणाला, “मॅडम, सरांना सांगितलं की ते म्हणतील, मशीनचा भरवसा न्हाई, लेखनिकच बरा. आन् ते बराबरच बोलतील.”

मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याची कीवही येत होती. घरी जाताना मी बिछायत केंद्रावरून गेले. अय्याज ताटांच्या थप्पीजवळ बसला होता आणि चाँद पाशा त्याला जेवायला उठ म्हणून विनवत होते.

सकाळी मी नेहमीपेक्षा बरीच लवकर आले तर लॅब उघडी. अय्याज मशीनसमोर बसला होता, पडदा काळा. पुन्हा तिथंच बसवावं तर पुन्हा उडणार, शेजारी ठेवावं तर सिस्टिम पुन्हा डोकावणार, यातच त्याचं डोकं फिरत होतं. एवढ्यात साक्षी आणि नीलाबाई आल्या. नीलाबाईनं त्या दिवशी शेताचा रोज बुडवला होता आणि तिच्या हातांना हळदीचा पिवळा रंग तसाच होता. अय्याज उभा राहिला आणि त्यानं काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं. नीलाबाईनं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

साक्षीनं विचारलं, “आवाज हरवला का तुमच्याकडं हाय?”

“माझ्याकडं हाय. सीडीवर. ठेवायला जागा न्हाई.”

“मग तिथं काहून ठेवला व्हता?”

अय्याज खाली बघू लागला. म्हणाला, “बाहेरून आणलेला हाय, हे कुणाला दिसू न्हाई म्हणून.”

“मला तर कायबी दिसत न्हाई, सर,” साक्षी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. “उसना हाय तर हाय. माझ्या नावानं ठेवा ना. मला त्याची लाज न्हाई, तुमाला काहून वाटून राहिली?”

अय्याज म्हणाला, तुझ्या नावाच्या कप्प्यात ठेवला तर तो फक्त तुझ्यासाठीच बोलेल, उद्या दुसरं कुणी असं लेकरू आलं तर मशीन त्याच्यापुढं मुकं. म्हणूनच पत्रातलं ते दुसऱ्या जाणकाराचं म्हणणं त्याला पटलं नव्हतं. साक्षीनं सांगितलं, “ते आलं की त्याच्या नावानं ठेवा. आज मी आलेय.”

मग अय्याज कामाला लागला. आधी त्यानं सिस्टिमच्या जागेतून आपली लायब्ररी काढली आणि मूळच्या सीडीवरून सिस्टिमची तिला परत दिली. मशीन कुरकुरलं, पण नाव विचारणारा पडदा आला. मग साक्षीच्या नावाच्या कप्प्यात त्यानं परदेशातल्या पोराची लायब्ररी ठेवली, आणि फक्त तिच्या वाचणाऱ्या प्रोग्रामला सांगून ठेवलं, की ही बसली की आधी हिच्या कप्प्यात बघ. बाकी कुणी तिकडं फिरकायचं नाही. तेच तेच शब्द त्याला खोडून पुन्हा लिहावे लागत होते. मध्येच म्हणाला, मॅडम, तुमी हिथंच थांबा. मी थांबले. जिन्यावर अमृतराव सरांच्या बुटांचा आवाज आला तेव्हा मशीन अजून गप्पच होतं.

सर दारात आले आणि त्याच वेळी तो घोगरा आवाज म्हणाला, “साक्षी.” तिनं आपलं नाव लिहिलं होतं.

इथं दुसरा कुणी ‘सगळं तयार आहे सर’ म्हणून मोकळा झाला असता. पण सत्य पोटात ठेवून उभं राहणं अय्याजला जमणारं नव्हतं. काल आवाज गेला होता, चूक माझी होती, हा आवाज बाहेरचा आहे आणि आत्ता तिच्या कप्प्यात ठेवला आहे, असं तो सरांना सांगून बसला. मी कपाळाला हात लावला. सर पडद्याकडं बघत होते. कोपऱ्यात लाल बाण पुन्हा आला होता. जुन्या सीडीवरून भरलं म्हणजे सुधारणा पुन्हा घ्यायच्या राहिल्याच की. सरांनी तो बाण कसला ते विचारून घेतलं आणि म्हणाले, एप्रिलच्या परीक्षेपर्यंत हे असं पुन्हा येणार, तेव्हा आवाज गेला तर? पोरीचं वर्ष जाईल, आणि सही माझी असेल.

प्रश्न रास्त होता. नीलाबाई माझ्याकडं बघू लागली, जसं काही मला उत्तर ठाऊक आहे. अय्याज घाम पुसत म्हणाला, जायला नको. ‘जाणार नाही’ असं त्याच्या तोंडून निघेना.

“तो बाण आत्ताच दाबा, सर,” साक्षी म्हणाली. “जायचा असंल तर आत्ताच जाऊ द्या. परीक्षेत नको.”

अय्याजचा हात माउसवर गेला आणि तिथंच राहिला. मला वाटलं, हा काही दाबत नाही. त्यानं डोळे मिटून दाबलं. सुधारणा उतरत राहिल्या, पडद्यावरची पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत राहिली. कुणी बसलं नाही. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, नाव विचारणारा पडदा आला, साक्षीनं नाव घातलं. काहीच ऐकू आलं नाही. नीलाबाईनं पदर तोंडात धरला. अय्याज भिंतीला टेकला. माझ्या मनात आलं, आता या पोरीला काय सांगायचं?

मग आवाज आला. पडद्यावर काय काय आहे ते एकेक करून वाचू लागला, सावकाश, स्टँडवरच्या घोषणेसारखा. साक्षीनं खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाली, प्रश्नपत्रिका द्या.

सरांनी ती अय्याजच्या पेनड्राइव्हवर दिली. आम्हाला सगळ्यांना बाहेर काढून ते स्वतः कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. अय्याज माझ्याकडं आला आणि वर्तमानपत्रांच्या चळती नीट करू लागला, मग पुन्हा विस्कटून पुन्हा नीट करू लागला. पार्टिशनपलीकडून बटणांचा टकटकाट येत होता. तो थांबला की अय्याजही थांबायचा. नीलाबाई जिन्याच्या पायरीवर बसून होती. मी तिला चहा आणून दिला, तो तिनं हातात धरून गार केला.

वीज जायच्या थोडं आधी टकटकाट संपला. प्रिंटरनं कागद सोडले. साक्षी भिंतीला हात लावत बाहेर आली. तिचा चेहरा इतका लाल झाला होता की मला भीती वाटली. अय्याजनं पेपर कसा गेला ते विचारलं नाही, आवाज मध्ये अडकला का, हे विचारलं.

“न्हाई अडकला,” ती म्हणाली. “शेवटचा प्रश्न मी सोडला, सर. मला येत नव्हता.”

अय्याज लगेच हळहळला. म्हणाला, काही तरी लिहायचं होतंस, मोकळं कशाला सोडायचं, सर काय म्हणतील?

“मोकळंच हाय तिथं. मी दोनदा ऐकून बघितलं,” साक्षी म्हणाली, आणि आईचा हात शोधू लागली. “वरचं सगळं मी लिहिलंय, आन् खालचं मी सोडलंय.”

आत अमृतराव सर शिफारशीच्या पत्राला कोरा कागद मागत होते. मी उठले, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला कागद सापडेना.